गोवा आणि पाँडिचेरी: सत्ता बदलली, पण कायद्याने कशी?

आपल्याकडे गोव्यात १९ डिसेंबर म्हटलं की ऑपरेशन विजय, म्हणजे १९६१ ला पोर्तुगीजांकडून गोवा मुक्त करणारी लष्करी कारवाई आठवते, पण त्यानंतर कायद्याचं काय झालं हे फार कोणी बोलत नाही, आणि पाँडिचेरीशी कंपेअर केलं की फरक नीट दिसतो.

फ्रान्सच्या ताब्यातल्या पाँडिचेरीत आधी बोलणी झाली. ऑक्टोबर १९५४ मध्ये किळूरला निवडलेल्या १७८ प्रतिनिधींपैकी १७० जणांनी भारताच्या बाजूने मत दिलं, १ नोव्हेंबरला कारभार भारताकडे आला, १९५६ ला प्रदेश सोपवण्याचा करार झाला, पण फ्रान्सने तो मंजूर करायला १९६२ उजाडलं. म्हणजे जवळपास आठ वर्षं कारभार आपला आणि कागदावर सार्वभौमत्व फ्रान्सचं!

गोव्यात सगळं उलट. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार बोलायलाच तयार नव्हता, त्यामुळे आधी मुक्ती आणि मग मार्च १९६२ मध्ये गोव्याला कायद्याने भारतात घेणारी बारावी घटनादुरुस्ती, तीही २० डिसेंबर १९६१ पासून लागू धरून. पोर्तुगालने मान्यता दिली ती थेट १९७४ च्या शेवटी, तिकडची हुकूमशाही पडल्यावर.

माझ्या मते लोकांसाठी पाँडिचेरीचा रस्ता बरा होता, कारण नागरिकत्व निवडायला करारातच सहा महिने होते आणि आपल्याला आदेशाने फक्त एक महिना. आजही घराघरात पोर्तुगीज पासपोर्टचा विषय निघतो, कारण पोर्तुगाल मुक्तीआधी इथे जन्मलेल्यांचा हक्क अजून मानतो. पण आपल्यासमोर तो रस्ता होता कुठे, समोरचा टेबलावर बसतच नव्हता, म्हणून १९६१ चा निर्णय मला पूर्ण बरोबर वाटतो.