स्तनांची तपासणी घरी कशी करावी हे शिकवणारी कार्यशाळा : एक अभिप्राय

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या सभागृहात गेल्या महिन्यात एका खासगी आरोग्य संस्थेने स्त्रियांसाठी दीड तासाची कार्यशाळा घेतली. शुल्क २०० रुपये होते. कर्करोगाची चिन्हे ओळखण्यासाठी स्वतःचे स्तन घरी कसे तपासावेत हे शिकवणे, एवढाच तिचा जाहीर हेतू होता.

या कार्यशाळेतील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे सिलिकॉनचा मऊ नमुना, ज्यात निरनिराळ्या खोलीवर पाच गाठी बसवलेल्या होत्या. पहिल्या खेपेस मला त्यांतल्या दोनच सापडल्या, कारण मी बोटांची टोके रुतवून चाचपत होते. परिचारिकाताईंनी माझा हात धरून दाखवले की मधल्या तीन बोटांची पेरे सपाट ठेवायची, लहान लहान वर्तुळे काढायची आणि एकाच जागी आधी हलका, मग मध्यम आणि शेवटी बरगडीपर्यंत पोचणारा दाब द्यायचा. गळ्याखालच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत आणि छातीच्या मधल्या हाडापासून काखेपर्यंत, अंगण सारवताना पट्टा सुटू नये तसे उभ्या पट्ट्यांनी पुढे सरकायचे. दुसऱ्या खेपेस मला चार गाठी लागल्या. मात्र तीस जणींत असे नमुने दोनच असल्यामुळे मागच्या रांगेतील बायकांच्या वाट्याला ही संधी आलीच नाही.

आरशासमोर काय पाहावे, हेही नीट सांगितले गेले. हात कमरेवर आणि मग डोक्यावर ठेवून त्वचेवर खळगा पडतो का, ती संत्र्याच्या सालीसारखी दिसते का, स्तनाग्र नव्याने आत ओढले गेले आहे का, त्यातून रक्तमिश्रित स्राव येतो का, हे पाहायचे. पाळीपूर्वी स्तन जड आणि गाठाळ लागतात, म्हणून पाळी सुरू झाल्यापासून सात ते दहा दिवसांनी तपासावे. पाळी थांबलेल्यांनी महिन्याचा एक दिवस ठरवून घ्यावा. शेजारच्या काकूंनी तेव्हाच संकष्टी निवडली, कारण तो दिवस त्या कधी विसरत नाहीत.

माझा आक्षेप व्याख्यानावर आहे. ‘महिन्याला दहा मिनिटे दिली की जीव वाचलाच’ असे वक्त्यांनी तीनदा सांगितले, आणि हे विधान पुराव्याला धरून नाही. शांघायमध्ये कापड गिरण्यांतील २,६६,०६४ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे अंतिम निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतपासणी शिकवलेल्या गटात मृत्यू कमी झाले नाहीत, उलट कर्करोग नसलेल्या गाठींच्या बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणे) वाढल्या. याउलट मुंबईत टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी तपासणी करवून घेतली. सुमारे दीड लाख स्त्रियांच्या त्या अभ्यासाचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की आजार लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा आपले शरीर नेहमी कसे लागते हे ठाऊक असावे आणि बदल जाणवताच डॉक्टरांकडे जावे, एवढाच स्वतपासणीचा आवाका आहे. मी याबद्दल वक्त्यांना विचारले, तेव्हा ‘सकारात्मक राहा’ असे उत्तर मिळाले.

बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे धीर देणारे वाक्यही कोणी उच्चारले नाही. त्याऐवजी शेवटच्या वीस मिनिटांत तपासण्यांच्या पॅकेजचे अर्ज वाटले गेले आणि कोणतीही तक्रार नसलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या मुलीलाही मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, सुचवली गेली. तरुण वयात स्तनांतील ऊती दाट असल्याने त्या तपासणीत चित्र कमी स्पष्ट दिसते, आणि त्या वयात गाठ लागलीच तर डॉक्टर सहसा आधी सोनोग्राफी सांगतात.

एवढे असूनही परिचारिकाताईंसाठी २०० रुपये मला जास्त वाटले नाहीत. जाणाऱ्यांनी वेळेआधी पोचून नमुन्याच्या टेबलापाशी जागा धरावी आणि पॅकेजचा अर्ज कोराच परत द्यावा.