साप ओळखायचा चार्ट: फोटो झकास, खुणा डेंजर (५ पैकी २ स्टार)

सोलापुरात एका प्रदर्शनातल्या स्टॉलवरनं १२० रुपयाला हा लॅमिनेटेड चार्ट घेतला, रानातल्या खोलीत स्टार्टरशेजारी लावायला, कारण आमचं रान हिप्परगा तलावाकडं अन् पाऊस पडला की पाटात, विहिरीत साप दिसतोच. प्लास्टिक दणकट, फोटो तर एकच नंबर, घोणसच्या पाठीवरचे साखळीसारखे ठिपके लांबनं पण कळतात.

घोळ आहे खाली लिहिलेल्या खुणांत. म्हणे 'डोकं त्रिकोणी तर विषारी, नाहीतर बिनविषारी' आणि 'पाण्यातले साप निरुपद्रवी'. मागच्या आठवड्यात संध्याकाळी हौदाच्या कडेला एक निघाला, मान चपटी करून जोरात फुसकारला, की आमचा चुलतभाऊ काठी घेऊन तयार, "दादा, डोकं बघा की त्रिकोणी, नागच हाय!" म्हटलं थांब बे. मोबाईलची बॅटरी मारली तर डोळ्याखालनं एक तिरपी काळी रेघ, डोळ्यामागनं दुसरी, अंगभर पटासारखे चौकोन. विरोळा! काही जण दिवड म्हणतात. घाबरला की मान पसरून नागाचा आव आणतो, चावतो पण पटकन, रक्त येतं पण विष नाही.

आता उलटं बघा, मण्यारचं डोकं मानेपेक्षा जेमतेम रुंद, फणा मिटलेल्या नागाचं पण तसंच, म्हणजे चार्टच्या हिशोबानं दोन्ही बिनविषारी?? मण्यार तर रात्री फिरते अन् झोपेत चावली तर कधी कधी कळत पण नाही. आणि नाग बेडकाच्या मागं पाण्यात आरामात पोहतो.

एक मात्र मानलं, मण्यार अन् तिच्यासारखाच दिसणारा बिनविषारी कवड्या शेजारी शेजारी छापलेत. मण्यारचे पांढरे पट्टे शेपटीकडं ठळक अन् डोक्याकडं फिके, कवड्याचं बरोबर उलटं. पण बिनविषारी डुरक्या घोणस दिलाच नाही, बिचारा घोणस म्हणून हकनाक मार खातो.

चावल्यावर काय करायचं ते तर कुठंच नाही. शेवटी खुणांवर कागद चिकटवला अन् मार्करनं लिहिलं: चावला तर साप शोधत बसू नका, आवळून बांधू नका, १०८ लावा, थेट सिव्हिल. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर इंजेक्शन एकच.

स्टॉलवाल्याला फोन केला तर म्हणतो, आम्ही फक्त विकतो साहेब.