फॉर्म ४४७३: गांजाचं कार्ड असलेल्या रुग्णापुढे हा कागद कसा वागतो

अमेरिकेत परवानाधारक डीलरकडून बंदूक घ्यायची तर फॉर्म ४४७३ भरण्यावाचून सुटका नाही. दारू, तंबाखू, शस्त्रं आणि स्फोटकं यांवर देखरेख ठेवणाऱ्या एटीएफ या केंद्रीय खात्याचा हा कागद, आणि त्याच्या जोडीला एफबीआयची ‘निक्स’ ही पार्श्वभूमी तपासणारी सेवा. बहुतेक ग्राहकांना या दोन्हींबद्दल मत असायचं कारण पडत नाही: सही केली, डीलरने चौकशी केली, बंदूक घेऊन घरी. राज्याने दिलेलं वैद्यकीय गांजाचं कार्ड ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी मात्र सगळा व्यवहार एका ओळीवर येऊन थांबतो. हे परीक्षण त्या ओळीचं आणि तिच्या मागच्या यंत्रणेचं आहे.

आधी चांगली बाजू. प्रश्न क्रमांक २१ च्या एका उपप्रश्नात (अक्षर आवृत्तीगणिक बदलतं, म्हणून अक्षर पाठ करू नका) विचारलेलं असतं की तुम्ही गांजा किंवा इतर नियंत्रित पदार्थाचं बेकायदा सेवन करता का, किंवा त्याच्या आहारी गेला आहात का. खाली ठळक अक्षरांत इशारा आहे: तुमच्या राज्याने औषध म्हणून किंवा मौजेसाठी परवानगी दिली असली तरी केंद्राच्या कायद्याने गांजा बाळगणं आणि वापरणं बेकायदाच आहे. हा इशारा २०१६ च्या सुधारित आवृत्तीत आला. त्याआधी ‘बेकायदा’ या शब्दावर माणसं प्रामाणिकपणे फसायची. डॉक्टरची शिफारस आहे, राज्याचं कार्ड आहे, दुकानातून पावती घेऊन माल आणलाय, मग बेकायदा कसं, असा विचार करून ‘नाही’वर खूण व्हायची. आता ती पळवाटही नाही आणि तो गैरसमजही नाही. स्पष्टतेचे गुण या फॉर्मला पूर्ण द्यावे लागतील.

ओळीमागचं गणित असं. १९६८ च्या गन कंट्रोल अॅक्टनुसार, म्हणजे संघीय कायद्याच्या १८व्या शीर्षकातल्या कलम ९२२(जी)(३) नुसार, नियंत्रित पदार्थाचं बेकायदा सेवन करणाऱ्याला बंदूक आणि दारूगोळा दोन्ही बाळगायला मनाई आहे. कुठलं सेवन बेकायदा हे ठरतं १९७० च्या नियंत्रित पदार्थांच्या कायद्यावरून. त्यात गांजा पहिल्या सूचीत (वैद्यकीय उपयोग मान्य नसलेल्या, सर्वात कडक नियंत्रणाच्या पदार्थांच्या यादीत) टाकला गेला आणि पहिल्या सूचीतल्या पदार्थाचं प्रिस्क्रिप्शन लिहिता येत नाही. म्हणून राज्यांच्या योजनांमध्ये डॉक्टर ‘शिफारस’ करतो, औषध लिहून देत नाही. रुग्णाला हा शब्दांचा खेळ वाटतो, फॉर्मला वाटत नाही.

गंमत बघा. ड्रोनॅबिनॉलची कॅप्सूल, बाजारातलं नाव मॅरिनॉल, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं टीएचसीच, गांजातला नशा आणणारा घटक. ती तिसऱ्या सूचीत आहे, डॉक्टर लिहून देतो, फार्मसीत मिळते. केमोथेरपीच्या मळमळीसाठी ती सांगितल्याप्रमाणे घेणारा रुग्ण त्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणू शकतो आणि ते खरं असतं. त्याच मळमळीसाठी त्याच रेणूचा गांजा कार्डावर घेणाऱ्याला ‘हो’ म्हणावं लागतं. अपस्मारासाठीचं एपिडायोलेक्सही असंच मान्यताप्राप्त औषध आहे. ज्यांना बंदूक ठेवायची आहे त्यांनी कार्डासाठी अर्ज करण्याआधी डॉक्टरला हे दोन पर्याय विचारावेत. सगळ्यांना चालतात असं नाही, दुखण्यासाठी तर क्वचितच लिहून मिळतात, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

सीबीडी (गांजाच्या झाडातला नशा न आणणारा घटक) तेलाचं काय? २०१८ च्या शेती कायद्याने कोरड्या वजनात ०.३ टक्क्यांपर्यंत डेल्टा-९ टीएचसी असलेलं हेम्प, म्हणजे त्याच झाडाचा नशा न आणणारा प्रकार, गांजाच्या व्याख्येतून वगळलं. तेवढ्यात बसणारं तेल या प्रश्नात येत नाही. भानगड अशी की बाटलीवरचा आकडा आणि बाटलीतला माल यांचं नेहमी जुळतंच असं नाही. शिवाय २०२५ च्या नोव्हेंबरात काँग्रेसने हेम्पची व्याख्या बरीच आवळली आणि ती लागू व्हायला एक वर्षाची मुदत ठेवली. जुन्या लेबलवर विसंबून सही करू नये.

आता निक्स. ३० नोव्हेंबर १९९८ पासून चालू असलेली ही सेवा वेगाच्या बाबतीत नाव ठेवण्यासारखी नाही. डीलर नाव, जन्मतारीख वगैरे तपशील कळवतो आणि गुन्हे, वॉरंट, मनाईची यादी अशा नोंदी चाळून उत्तर येतं: पुढे जा, थांबा किंवा नकार. ‘थांबा’ आलं आणि तीन कामकाजाच्या दिवसांत पुढचं काही कळलं नाही, तर केंद्राच्या कायद्याने डीलर बंदूक देऊ शकतो (काही राज्यांत देऊ शकत नाही, आणि २१ च्या आतल्या ग्राहकासाठी मुदत १० कामकाजाच्या दिवसांपर्यंत लांबू शकते). या नोंदींमध्ये अटक दिसते, शिक्षा दिसते. राज्याच्या गांजा-रुग्णांची यादी सहसा तिथे नसते.

म्हणजे कार्डधारकाने ‘नाही’वर खूण केली तर निक्स बहुधा ‘पुढे जा’च म्हणेल. या सेवेतला सर्वात मोठा दोष हाच: ती खरं बोलणाऱ्यालाच अडवते. आणि हाच सर्वात मोठा सापळाही आहे. ‘पुढे जा’ याचा अर्थ नोंदीत काही सापडलं नाही, एवढाच. तुमची खरेदी कायदेशीर आहे असा दाखला तो नव्हे. फॉर्मवर खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा आहे, त्याला १० वर्षांपर्यंत कैद. मनाई असताना बंदूक बाळगल्याची कमाल शिक्षा २०२२ च्या कायद्याने १० वरून १५ वर्षांवर नेली.

कागद विसरला जाईल असंही कोणी समजू नये. मंजूर झालेल्या चौकशीतली ओळख पटवणारी माहिती निक्सला २४ तासांत पुसावी लागते, पण फॉर्म डीलरकडे राहतो. पूर्वी २० वर्षं ठेवायचा नियम होता, २०२२ पासून दुकान चालू असेपर्यंत ठेवावा लागतो आणि दुकान बंद झालं की कागद एटीएफकडे जातात. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांचे पुत्र हंटर बायडन यांना आठवा. त्यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये भरलेल्या याच फॉर्मवरून जून २०२४ मध्ये ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं. पदार्थ क्रॅक कोकेन होता, गांजा नव्हे, आणि पुढे वडिलांनी माफी दिली. ती सोय बाकी कोणाला नाही.

काउंटरच्या पलीकडे उभ्या डीलरचीही अडचण समजून घ्यावी. एटीएफने २१ सप्टेंबर २०११ रोजी परवानाधारकांना खुलं पत्र पाठवून सांगितलं की ग्राहकाकडे कार्ड असल्याचं माहीत असेल तर तो बेकायदा सेवन करतो असं मानायला तेवढं कारण पुरेसं आहे. फॉर्मवर काय लिहिलंय याला मग महत्त्व उरत नाही, विकणाराच गुन्ह्यात येतो. याचा विचित्र परिणाम ‘विल्सन विरुद्ध लिंच’ खटल्यात दिसला. नेवाडातल्या विल्सन यांचं म्हणणं होतं की कार्ड घेतलंय पण गांजा घेत नाही. डीलरने तरी विकायला नकार दिला आणि ९व्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये तो नियम उचलून धरला. कार्ड न वापरणारा अडला, कार्डाशिवाय रोज ओढणारा काउंटरवरून पुढे गेला. तेव्हा डीलरशी वाद घालण्यात अर्थ नाही, त्याच्या हातात काही नसतं.

नेहमीच्या चुका पुष्कळ आहेत. सर्वात मोठी म्हणजे हा प्रश्न फक्त नव्या खरेदीचा आहे असं समजणं. मनाई बाळगण्यावर आहे. कार्ड काढण्याआधी दहा वर्षं कपाटात असलेली शिकारीची रायफल आणि गोळ्यांचा अर्धा डबाही त्यात येतो. होनोलुलूच्या पोलिसांनी २०१७ मध्ये कार्डधारक बंदूकमालकांना ३० दिवसांत शस्त्रं जमा करा अशी पत्रंच धाडली होती. ओरड झाल्यावर ती मागे घेतली, पण केंद्राचा कायदा जागचा हलला नाही.

दुसरी चूक, खासगी व्यवहार. ओळखीच्याकडून घेतली तर बऱ्याच राज्यांत फॉर्म नाही, हे खरं. मनाई तीच राहते आणि जाणूनबुजून विकणाराही अडकतो. तिसरी, बंदूक बाळगण्याच्या राज्य-परवान्यावर भिस्त. ओरेगनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कार्डधारकांना असा परवाना नाकारता येणार नाही असं ठरवलं. काही राज्यांत या परवान्यावर निक्सची चौकशी माफ होते, पण फॉर्म आणि त्यातला प्रश्न माफ होत नाही. मिशिगनच्या परवान्याची ही सवलत तर एटीएफने मार्च २०२० मध्ये काढूनच घेतली, आणि कारणांत गांजाचा मुद्दा होता.

घरात जोडीदाराची बंदूक असेल तर तिजोरीची किल्ली किंवा आकडे रुग्णाला माहीत नसावेत. हात न लावताही ‘ताबा’ सिद्ध होऊ शकतो. उपचार चालू असेपर्यंत शस्त्रं दुसऱ्याकडे द्यायची असतील तर खरोखर द्यावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या ‘हेंडरसन’ निकालात मनाई असलेल्या माणसाला आपली शस्त्रं तिसऱ्याच्या हवाली करण्याची वाट ठेवली, अट एवढीच की त्यांच्यावर त्याचं नियंत्रण उरता कामा नये. दुसऱ्या राज्यातल्या माणसाला द्यायची तर डीलरमार्फतच. १८९८ किंवा त्याआधी बनलेली शस्त्रं आणि आधुनिक काडतूस न चालणाऱ्या, काळ्या दारूच्या ठासणीच्या बहुतेक बंदुका केंद्राच्या व्याख्येत ‘फायरआर्म’ नाहीत. शिकारीची हौस असणाऱ्या रुग्णाला हा एक मोकळा रस्ता आहे, मात्र राज्याचा कायदा वेगळा असू शकतो, तो आधी वाचावा.

फॉर्म सर्वात कमी पडतो तो परतीच्या वाटेवर. गांजा सोडला, कार्ड परत केलं, तर ‘नाही’ कधीपासून खरं होतं? प्रश्न वर्तमानकाळात आहे, पण किती दिवसांचा वर्तमानकाळ हे त्यात कुठेच नाही. एटीएफच्या १९९७ च्या नियमात सेवनाचं अनुमान काढायला मागच्या एका वर्षातली शिक्षा किंवा लघवी-तपासणी अशी उदाहरणं दिली होती, म्हणून जाणकार वकील एक वर्षाचं अंतर ठेवायला सांगत आले. ही व्याख्या कायद्यातली नाही, खात्याच्या नियमातली आहे, म्हणजे खातं ती बदलू शकतं. सही करायच्या आठवड्यात चालू मजकूर बघून घ्यावा. कार्डाची मुदत नुसती संपू देऊ नका. ते रद्द करून घ्या, राज्याकडून लेखी पोच घ्या आणि शेवटच्या खरेदीची तारीख लिहून ठेवा.

ग्रीन कार्डवर असलेल्यांसाठी हा कागद दुहेरी धारेचा आहे. कायम रहिवाशाला बंदूक घेता येते, त्याचा क्रमांक फॉर्मवर लिहावा लागतो. पण गांजाचं सेवन मान्य करणं नागरिकत्वाच्या अर्जात ‘चांगल्या चारित्र्या’च्या आड येऊ शकतं, राज्यात मुभा असली तरी. इमिग्रेशन खात्याने एप्रिल २०१९ मध्ये हे लेखी स्पष्ट केलं आहे. अशा माणसाने ‘हो’ लिहून सही करू नये आणि ‘नाही’ लिहून खोटंही बोलू नये. फॉर्म न भरता दुकानातून बाहेर पडणं एवढाच शहाणपणा उरतो. एच-१बी व्हिसावाल्यांना तर बहुधा वेगळ्याच उपप्रश्नावर थांबावं लागतं.

न्यायालयांत वारं बदलतंय. ५व्या सर्किटने ऑगस्ट २०२४ च्या ‘कॉनली’ निकालात म्हटलं की शुद्धीत असलेल्या माणसाला केवळ पूर्वीच्या सेवनावरून नि:शस्त्र करता येत नाही. ११व्या सर्किटने ऑगस्ट २०२५ मध्ये फ्लोरिडाच्या वैद्यकीय रुग्णांचा फेटाळलेला दावा पुन्हा जिवंत केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावरचा ‘हेमानी’ खटला सुनावणीला घेतला. पण हे निकाल विशिष्ट माणसांच्या विशिष्ट परिस्थितीवरचे असतात, आणि डीलरच्या काउंटरवर निकालपत्र चालत नाही. एटीएफ नवी आवृत्ती काढत नाही तोवर तो बोट ठेवणार ते त्या ठळक ओळीवरच.