स्टार्ट की सॉल्ट? पथकासाठी ट्रायाज निवडताना

नव्या बचाव पथकाला ट्रायाजची, म्हणजे एकाच वेळी अनेक जखमी असताना निकडीनुसार त्यांची वर्गवारी करण्याची, स्टार्ट आणि सॉल्ट यांपैकी कोणती पद्धत शिकवावी, या पेचात असाल तर दोन्ही वापरून झालेल्या माणसाचं हे मत. दोन्हींत प्रत्येक जखमीला रंगीत टॅग लावतात: लाल म्हणजे तातडीचा, पिवळा थोडा थांबू शकणारा, हिरवा किरकोळ, काळा मृत.

स्टार्ट १९८३ सालची, कॅलिफोर्नियातली. चालणारा हिरवा. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नाही तो काळा. श्वास मिनिटाला ३० च्या वर, मनगटाला नाडी लागत नाही किंवा साधी सूचना पाळत नाही, यांतलं एक जरी असलं तरी लाल. उरलेला पिवळा. नवख्यालाही एका दुपारी जमते, हे मान्यच.

माझं घोडं पेंड खातं ते त्या ३० पाशी. जखमीजवळ मिनिटभरही रेंगाळायचं नाही म्हणतात, आणि त्यातली १५ सेकंदं घड्याळाकडे बघत छाती मोजायची, मग चारने गुणायचं. रात्रीच्या एका सरावात जनरेटरची घरघर चालू, समोरच्याच्या अंगात जाड जॅकेट. मी ३२ मोजले, सहकाऱ्याने २८. माझा लाल, त्याचा पिवळा. फरक एका श्वासाचा! मूळ पद्धतीत नाडीऐवजी नख दाबून रंग परतायची वाट बघत. अंधारात, थंडीत ते फसतं, म्हणून पुढे मनगटाची नाडी आली. मोजणी मात्र तशीच राहिली.

२००८ च्या सॉल्टमध्ये मोजणीच नाही. आधी मोठ्याने सांगायचं: चालता येत असेल तर तिकडे जा. मग उरलेल्यांना: हात हलवा. जे निपचित पडलेत किंवा ज्यांचं रक्त भळाभळा वाहतंय, त्यांच्याकडे पहिल्यांदा. रंग ठरवण्याआधीच रक्त थांबवायचं. (स्टार्टमध्येही ते चालतं, पण सॉल्टमध्ये ती पायरीच आहे.) पुढचे प्रश्न हो-नाहीचे: सूचना पाळतो का, नाडी लागते का, धाप लागलीय का, रक्तस्राव आटोक्यात आहे का. धाप ओळखायला घड्याळ लागत नाही. मुलांसाठीही हीच पद्धत. स्टार्टवाल्यांना मुलांसाठीची जम्पस्टार्ट वेगळी शिकावी लागते.

सॉल्टची अडचण म्हणजे राखाडी गट: जिवंत आहे, पण हाताशी आहे तेवढ्या साधनांत वाचणं कठीण. हा निर्णय नवख्याच्या गळ्यात टाकणं मला आजही जड जातं. माणसं दर वर्षी बदलत असतील तर स्टार्ट बरी, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. आमच्याकडे राखाडी टॅग फक्त पथकप्रमुखाच्या खिशात असतो. बाकीच्यांनी शंका आली की लाल लावायचा आणि पुढच्याकडे सरकायचं.