कार्ड अस्सल, नाव नकली

पुण्यातल्या एका संग्राहकाने ऑनलाइन एक सीडीव्ही घेतली. सीडीव्ही म्हणजे साधारण अडीच बाय चार इंचाच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला छोटा फोटो. एकोणिसाव्या शतकातले बहुतेक अल्ब्युमेन कागदावरचे, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावरचे. पाठीवर पेन्सिलीने इंग्रजीत दीड ओळ: अमुक लेफ्टनंट, ८६वी पलटण, झाशी १८५८, फोटो १८५९. किंमत ३८ हजार. असलं बिननावाचं कार्ड हजार-पंधराशेला पडतं. बाकीचे पैसे त्या दीड ओळीचे.

घेणाऱ्याने काही तपासलंच नाही असं नव्हे. दहापट भिंगाखाली शाईचे ठिपके नव्हते, कागदाचे तंतू दिसत होते, म्हणजे प्रिंटरवर काढलेली नक्कल नाही. अतिनील टॉर्चखाली पुठ्ठा निळसर-पांढरा चमकला नाही. साधारण १९५० नंतरच्या पुष्कळशा कागदांत उजळपणासाठी घातलेलं रसायन तसं चमकतं. मग हार्टची आर्मी लिस्ट, म्हणजे ब्रिटिश फौजेतल्या अधिकाऱ्यांची त्या काळची छापील यादी उघडली. ८६वी पलटण ब्रिटिश सेनापती सर ह्यू रोझच्या फौजेत झाशीवर होतीच; नावही सापडलं, तळटीपेत मध्य भारतातली कामगिरीही. इथेच घात झाला. या जुन्या याद्या स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येतात. विकणाऱ्यानेही नाव तिथूनच उचललं असणार. अधिकारी खरा होता, पण कार्डावरचा चेहरा त्याचा कशावरून?

चेहऱ्याखालचा गणवेश वेगळंच सांगत होता. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुद्द्याची खूण १८५५ पासून कॉलरवर असे. १८८० मध्ये ती खांद्यावर गेली. या कार्डावर कॉलर मोकळी आणि खांद्यावरच्या वळलेल्या दोरीवर एक तारा, म्हणजे १८८० नंतरचा लेफ्टनंट. वय फार तर पंचवीस. झाशीच्या वेढ्यात हा पाळण्यातही नसेल! कार्डाचे कोपरे गोल कापलेले. १८६०च्या आसपासच्या कार्डांचे कोपरे बहुतेक काटकोनी असतात. पाठीवर स्टुडिओने छापलेल्या, त्याला प्रदर्शनांत मिळालेल्या पदकांत सर्वांत अलीकडचं साल १८८३ होतं, आणि कार्ड काही त्याआधी छापलेलं असू शकत नाही.

छातीवरचं पदक फोटोत जेमतेम तीन-चार मिलिमीटरचं, पण फीत भिंगाखाली दिसते. १८५७-५८ च्या उठावाच्या लढायांसाठी दिलेल्या पदकाची फीत पांढरी, तिच्यावर दोन लाल पट्टे. त्या काळी फोटो ज्या काचांवर घेत त्यांवर निळा रंग फिका आणि लाल जवळजवळ काळा उतरायचा, म्हणून ही फीत फोटोत पांढऱ्यावर दोन गडद पट्टे अशी दिसायला हवी. इथे ती सबंध गडद होती. १८७८-८० च्या अफगाण पदकाची फीत मध्ये हिरवी, कडांना किरमिजी. तिचे दोन्ही रंग गडदच येतात. विक्रेत्याने वर्णनात त्यालाच ‘झाशीचं पदक’ म्हटलं होतं.

राहिली पेन्सिल. अल्बमच्या खाचेतून काढता-घालता कार्डाची पाठ घासली जाते. अक्षर जुनं असेल तर घासल्या जागी रेघ तुटते. इथे रेघ खरचटलेल्या जागेत उतरून, उसवलेल्या तंतूंवर जास्तच काळी झाली होती. आधी ओरखडा, मग अक्षर. कार्ड तिरपं धरून एका बाजूने टॉर्च मारला की हे नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. विक्रेत्याने पाठीचा एकच फोटो पाठवला होता, तोही समोरून फ्लॅश मारून. पाठीचं ६०० डीपीआय स्कॅन आणि तिरप्या उजेडातला फोटो पैसे देण्याआधीच मागायला हवा होता. शिवाय कार्ड ज्या अल्बममधून काढलं त्या पानाचाही फोटो. जुने मथळे पुष्कळदा पानावर असतात, कार्डावर नसतात.

पैसे परत मागितल्यावर उत्तर आलं, ‘पेन्सिलीने काय लिहिलंय याची हमी मी कधी दिली?’ झाशी, पलटण, लेफ्टनंट हे सगळं फोनवरच्या बोलण्यात आणि जाहिरातीत होतं, आणि जाहिरात तोवर काढून टाकली होती. बिलावर होतं: जुना फोटो, १ नग.