बेस्किडची बिनभोकांची बासरी: घ्यावी का?

बासरीवाल्याने ही हातात घेतली की पहिली गोची बोटांची होते. भोकंच नाहीत! नाव फुयार्का व्येल्कोपोस्तना, गाव दक्षिण पोलंडच्या बेस्किड डोंगरातलं. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात व्हायोलिन, नाचगाणी सगळं बंद असायचं, तेव्हा तिथल्या झिव्येत्स गावाकडचे लोक ही वाजवायचे. १९६४ पासून तिकडे दर उन्हाळ्यात बेस्किड संस्कृती सप्ताह भरतो, तिथल्या एका कारागिराच्या टेबलावरून मी ही १८० झ्लोटींना (पोलंडचं चलन) उचलली. हेझलचं लाकूड, लांबी जेमतेम पाऊण मीटर.

आडवी नाही, उभी धरायची. वरच्या चोचीसारख्या तोंडातून फुंकायचं आणि खालचं टोक तर्जनीने झाकायचं-उघडायचं, बस्स. बाकी सगळं फुंकेवर. टोक उघडं ठेवून जोर वाढवत नेला की सा, ग, प, कोमल नि. झाकलं की मधले रे, म, ध. आता गंमत ऐका: हा म शुद्धही नाही, तीव्रही नाही, दोघांच्या मधोमध लटकतो. ध सुद्धा तसाच अधांतरी आणि नि आपल्यापेक्षा उतरलेला. तानपुऱ्याचं ॲप लावून वाजवलं तर वाचस्पती रागाच्या वळणाचं काहीतरी उमटतं, पण पेटीवर ते सापडणार नाही. नळीचेच नैसर्गिक स्वर आहेत हे, सूर मोजणाऱ्या ट्यूनरवर काटा हलला म्हणून कारागिराला नावं ठेवू नका.

तक्रारी आहेत. सगळ्यात खालचा स्वर नुसता श्वास सुटल्यासारखा, गाण्यात कामाचा नाही. वरचे इतके टोकदार की फ्लॅटमध्ये रात्री वाजवायची सोयच नाही. अर्धा तास झाला की चोचीत दव साचतं आणि आवाज घोगरा होतो, मग झटकून थांबायचं. हिवाळ्यात हीटरजवळ तर अजिबात ठेवू नका, लाकूड तडकतं. आतून जवसाचं तेल फिरवायला कारागिरानेच सांगितलं होतं.

पोलंडमधल्या क्राको शहराच्या पर्यटकी दुकानांतल्या रंगीत शिट्ट्यांच्या नादी मात्र लागू नका. एका दुकानातून आणलेलीत सप्तक जुळतच नव्हतं, ती भाचीच्या खेळण्यांत गेली. बोटं वळवळत असतील तर बेस्किडमध्येच सहा भोकांची उभी बासरीही मिळते. बासरीवाल्याची बोटं तिच्यावर लगेच बसतात, फुंक तेवढी बदलावी लागते. पण खरेदी एकच करणार असाल, तर बिनभोकांचीच घ्या. पैसे देण्याआधी टोक झाकून तो मधोमध लटकणारा म एकदा काढून बघा. तो स्पष्ट निघाला तर घासाघीस करत बसू नका.