नमुना गिरणीचा, माल पेटीचा

मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये एकाच खोलीला लाकडी फ्लोअरिंग करायचं होतं. त्यात 70 हजार घालवून बसलोय. तुमचे तरी वाचावेत म्हणून लिहितो.

विकणारा म्हणाला, अमेरिकेतल्या जुन्या सूतगिरण्या पाडतात, त्यांच्या लाँगलीफ पाइनच्या तुळया चिरून हा माल येतो. शे-दोनशे वर्षं सावकाश वाढलेली झाडं. तसली जंगलं कधीच तुटून गेली. घरी येऊन वाचलं, तर असं लाकूड खरंच असतं. त्यात माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. गिरणीची तुळई म्हटल्यावर मी विरघळलोच. नमुनाही तसाच: लालसर, वजनदार, आडव्या कापावर वाढीच्या रेषा इतक्या दाट की इंचभरात वीस मोजल्या आणि नाद सोडला. 650 रुपये फूट, 180 फूट. 60 टक्के ॲडव्हान्स, तोही कच्च्या पावतीवर. (बायको पक्कं बिल मागत होती.)

माल आला तो चारही बाजूंनी पॉलिश मारून. "साहेब, तुमचं काम वाचवलं!" मिस्त्रीच्या हातून पक्कड निसटली आणि फळीत खड्डा पडला. मी नख दाबलं, तेही उमटलं. मागच्या बाजूला रंधा फिरवला तर लाल रंगाखाली पांढरंफटक लाकूड, इंचाला पाच-सहा रेषा. एका फळीवर अर्धवट घासलेला शिक्का होता: गव्हाच्या लोंबीचं चित्र आणि शेजारी 'एचटी'.

फळी घेऊन लकडगंजला एका आरा मशीनवर गेलो. काकांनी चष्माही लावला नाही. "हे तं पेटीचं लाकूड आहे भाऊ." परदेशी मशिनरी ज्या खोक्यांतून येते, त्यांचं लाकूड कीड मारायला 56 अंशांवर अर्धा तास तापवतात, त्याचा तो शिक्का. शेल्फला वगैरे चालतं म्हणे, पण 650 रुपयांनी कोणी घेत नाही. "न रंगवलेली फळी मागायची, समोर कापून घ्यायची. नमुन्यावर काऊन गेले तुम्ही?"

1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तिथे बिलाची विचारणा झाली. विकणारा म्हणतो, "नॅचरल माल आहे, थोडा फरक येतोच." आता माझा फोन उचलत नाही. उरलेल्या 46,800 साठी मात्र त्याचे दोनदा येऊन गेले.